हिवाळी सहल आणि हवामानाचा अंदाज

मार्गशीर्ष लागला, की पुण्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या धायरी फाट्यावर शनिवार-रविवारची पहाट लवकर जागी होते. पाठीला पिशव्या लावलेली तरुण मुले, दुचाकींचे ताफे, शाळांच्या सहलीच्या गाड्या आणि डबे बांधून निघालेली कुटुंबे सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे जाऊ लागतात. धारेश्वराच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत ठाऊक असलेली धायरी ही एके काळी हवेली तालुक्यातील शेतीवाडीचे गाव होती. २०१७ साली तिचा उर्वरित भागही पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आला आणि गावाचे उपनगर झाले. तथापि डोंगर आणि पाणी यांच्या वाटेवरचे तिचे स्थान बदललेले नाही. एका बाजूस मुठेचे खोरे व खडकवासल्याचा जलाशय आणि पुढे सिंहगडाची रांग, असा हा उंबरठा आहे.

या उंबरठ्यावरून जाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हवामानाविषयी एकच चौकशी केलेली असते : ‘पाऊस आहे काय?’ डिसेंबर-जानेवारीत त्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे असते आणि तेवढ्याने मन निश्चिंत होते. वस्तुतः हिवाळ्यातील अंदाज पावसापेक्षा अधिक काही सांगत असतो. आणि जे तो सांगू शकत नाही, ते जाणणेही तितकेच अगत्याचे असते. सहलीस परवानगी देणारे अधिकारी, मुलांना घेऊन जाणारे शिक्षक आणि गडाच्या पायथ्याशी किंवा जलाशयाकाठी वसलेल्या गावांचे पंचायत सदस्य या तिघांनाही हा अंदाज नीट वाचता यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अंदाज येतो कोठून?

हवामानशास्त्राशी पुण्याचे नाते जुने आहे. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. त्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास हलविण्यात आले. शिवाजीनगर येथील ती भव्य दगडी इमारत आजही पुणेकरांच्या तोंडी ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते. पुढे मुख्यालय दिल्लीस गेले, तरी या खात्याचे महत्त्वाचे काम पुण्यात चालूच राहिले. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था ही १९६२ पासून या विषयातील संशोधन करीत आहे. विजांची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाइलवरील साधन याच संस्थेने तयार केले आहे.

हवामान विभाग दररोज जिल्हावार अंदाज प्रसिद्ध करतो. त्यात पुढील काही दिवसांचे हवामान आणि त्यासोबत इशाऱ्याचा रंग दिलेला असतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवावे, नारिंगी म्हणजे सज्ज राहावे आणि लाल म्हणजे तातडीने कृती करावी, असा त्यांचा अर्थ आहे. अचानक उद्भवणाऱ्या गडगडाटी पावसासारख्या घटनांसाठी पुढील तीन तासांपुरता तात्काळ अंदाजही दिला जातो.

अंदाजातील काही शब्द आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. पण ते ढोबळ नाहीत, हे अनेकांस ठाऊक नसते. ‘तुरळक ठिकाणी’ पाऊस म्हणजे त्या विभागातील पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे सव्वीस ते पन्नास टक्के केंद्रांवर. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे एक्कावन्न ते पंचाहत्तर टक्के केंद्रांवर. तेव्हा ‘तुरळक’ हा शब्द पाऊस हलका असेल असे सांगत नाही. तो थोड्या जागी असेल एवढेच सांगतो. त्या थोड्या जागांत आपली जागा असू शकते. तसेच राज्याचे चार हवामान उपविभाग आहेत : कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. सिंहगड मध्य महाराष्ट्रात येतो. परंतु ताम्हिणी घाट उतरून कोलाडकडे जाणाऱ्या सहलीस त्याच दिवशी दोन उपविभागांचे अंदाज पाहावे लागतात.

थंडी कशी पडते?

परतीचा मान्सून ऑक्टोबरमध्ये पुण्याचा निरोप घेतो. त्यानंतर हवा कोरडी आणि आकाश निरभ्र होते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर टाकून देते. आकाशात ढग असतील, तर ते गोधडीसारखे काम करून ही उष्णता काही अंशी अडवितात. ढग नसतील, तर ती निघून जाते आणि पहाटे पारा उतरतो. उत्तर भारतातून पश्चिमी झंझावात पुढे सरकून गेले, की त्यांच्यामागून उत्तरेचे थंड वारे महाराष्ट्रापर्यंत पोहोचतात आणि थंडीचा कडाका वाढतो. याउलट बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आले, की ढगाळ होते आणि रात्री उबदार होतात. एकाच आठवड्यात किमान तापमान सात-आठ अंशांनी वर-खाली होते, त्याचे रहस्य एवढेच आहे.

पुण्यात जानेवारीचे सरासरी किमान तापमान सुमारे ११ अंश सेल्सिअस आणि कमाल सुमारे ३० अंश असते. १७ जानेवारी १९३५ रोजी येथे १.७ अंश इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झाली होती. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असून ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वा अधिक खाली गेले, की हवामान विभाग त्यास ‘थंडीची लाट’ म्हणतो; ही घट ६.४ अंशांहून अधिक असल्यास लाट ‘तीव्र’ मानली जाते. म्हणजे दहा अंशांची प्रत्येक पहाट ही थंडीची लाट नव्हे, आणि लाट जाहीर झाली नाही म्हणून थंडी नाही, असेही नव्हे.

येथे दुसरीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पहाटेचे ११ आणि दुपारचे ३० अंश यांत जवळजवळ १९ अंशांचे अंतर आहे. सकाळी स्वेटर घालून निघालेले मूल अकरा वाजता घामाघूम होते, पाणी कमी पिते आणि दुपारी उतरताना त्याला भोवळ येते. हिवाळ्यातील सहलीत थंडीइतकाच हा उन्हाचा तडाखाही विचारात घेतला पाहिजे.

गडावर थंडी अधिक की खाली?

उंचीप्रमाणे तापमान कमी होत जाते, हे आपण शालेय पुस्तकात शिकलो. सरासरीने दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश असे हे प्रमाण आहे. सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर, तर धायरीचा परिसर सहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे भर दुपारी गडावरची हवा खालच्यापेक्षा चार-साडेचार अंशांनी थंड असणार, हे ओघाने आले.

परंतु हिवाळ्यातील शांत, निरभ्र पहाटेस हा नियम उलटतो. थंड हवा जड असते. रात्रभर ती डोंगरउतारावरून हळूहळू ओघळत खोऱ्यात जमा होते, जसे पाणी खाचरात साचावे तसे. त्यामुळे नदीकाठी आणि सखल भागात थंडी कडक, तर उतारावर काहीशी सौम्य, अशी स्थिती निर्माण होते. हवामानशास्त्रात यास तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. गडावरून पहाटे खाली पाहिले असता मुठेच्या खोऱ्यावर धुराचा आणि धुक्याचा जो सपाट थर पसरलेला दिसतो, तो याच थंड हवेच्या डबक्याचा पृष्ठभाग होय.

याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण महाबळेश्वरचे आहे. तेथे जवळजवळ दर हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या काठी गवतावर, पानांवर आणि वाहनांच्या टपांवर गोठलेल्या दवाचा पांढरा थर दिसतो. त्याच दिवशी अधिकृत किमान तापमान मात्र शून्याच्या बरेच वर असते आणि लोक आश्चर्य करतात. याची कारणे दोन. एक तर तलावाचा भाग सखल असल्याने थंड हवा तेथे साचते. दुसरे असे, की अधिकृत तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, जाळीदार पेटीत ठेवलेल्या तापमापकाने घेतले जाते; उघड्यावरचे गवत त्याहून काही अंशांनी थंड असते. तंबूत जमिनीवर झोपणाऱ्यास छापील आकड्यापेक्षा अधिक थंडी सोसावी लागते, ती यामुळेच. जलाशयाच्या काठी मुक्काम ठरविणाऱ्या शिक्षकांनी हे लक्षात ठेवावे.

शहरातही हा फरक दिसतो. शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव आणि मगरपट्टा येथील किमान तापमाने एकाच पहाटे कित्येकदा चार-पाच अंशांनी निरनिराळी असतात. तेव्हा ‘पुण्याचे तापमान’ हा आकडा एका विशिष्ट जागेचा असतो; आपण जाणार त्या जागेचा नव्हे.

गडमाथ्यावर पहाटेची हवा जरी थोडी उबदार असली, तरी वाऱ्याचे काय? खोऱ्यात पानही हलत नसताना कड्यावर बोचरा वारा असू शकतो. वारा अंगाभोवतीचा उबदार हवेचा थर उडवून नेतो, आणि चढताना घामाने भिजलेले कपडे त्या वाऱ्यात अंगाची उष्णता झपाट्याने शोषून घेतात. कोरडा सदरा पिशवीत असणे ही या दृष्टीने चैन नसून गरज आहे.

दिवस लहान असतो, हीदेखील हवामानाइतकीच महत्त्वाची बाब आहे. नोव्हेंबरअखेर पुण्यात सूर्य सहाच्या आतच मावळतो. जानेवारीच्या मध्यास तो सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास उगवतो. काही वर्षांपूर्वी पौषातील एका रविवारी, आतकरवाडीच्या पायवाटेने दिवेलागणीनंतर उतरणारी एका शाळेची मुले प्रस्तुत लेखकास भेटली. पन्नासेक मुलांत एकच विजेरी होती आणि ती सर्वांत पुढे चालणाऱ्या गुरुजींच्या हाती. मागची मुले एकमेकांचे खांदे धरून चाचपडत येत होती. सुदैवाने सारी सुखरूप उतरली. त्या दिवशीचा अंदाज अगदी अचूक होता. आकाश स्वच्छ, हवा कोरडी. चूक झाली होती ती घड्याळाची.

हिवाळ्यातही पाऊस पडतो

कोरडा हिवाळा हा नियम असला, तरी त्यास अपवाद आहेत. डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात अरबी समुद्रातील ‘ओखी’ चक्रीवादळामुळे मुंबई, कोकण आणि मध्य महाराष्ट्रात अवेळी पाऊस झाला. डिसेंबर २०२१ च्या आरंभीची घटना तर अधिक बोलकी आहे. त्या वेळी पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत पाऊस, गारठा आणि वारा एकत्र आले आणि उघड्या माळावर बसविलेली मेंढपाळांची शेकडो मेंढरे एका-दोन रात्रींत दगावली. पुणे जिल्ह्यात अशा वेळी तापमान काही शून्याखाली जात नाही. मेंढरांचा घात केला तो ओल आणि वारा यांनी. लोकरीचे अंगरखे ल्यालेल्या जनावरांची ही अवस्था होते, तर सुती कपड्यांतील मुलांची काय होईल, याचा विचार सहलीपूर्वी झाला पाहिजे. अंगात थरथर सुटणे, बोलणे अडखळणे, चालताना तोल जाणे ही शरीराची उष्णता घटल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी ओले कपडे उतरवून कोरड्यात गुंडाळावे, गरम गोड पेय द्यावे आणि विनाविलंब वैद्यकीय मदत मागवावी.

नदी आकाशाकडे पाहून वाहत नाही

डोंगराचे हवामान आकाश ठरविते; आपल्याकडील नद्यांचे हिवाळ्यातील पाणी मात्र धरणे ठरवितात. मुठेच्या खोऱ्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणांची साखळी आहे. त्यांची एकत्रित उपयुक्त साठवण सुमारे २९ अब्ज घनफूट असून त्यापैकी खडकवासल्याची स्वतःची क्षमता दोन अब्ज घनफुटांहूनही थोडी कमी आहे. वरच्या धरणांतील पाणी या छोट्या जलाशयात आणून तेथून पुण्यास पिण्यासाठी आणि कालव्यावाटे दौंड-इंदापूरकडे शेतीसाठी दिले जाते. त्यामुळे हिवाळ्यात नदीचे पात्र रोडावलेले, पण कालवा मात्र आवर्तनाच्या काळात काठोकाठ भरलेला, असे उलटे दृश्य दिसते. कालव्याचे पाणी वरून संथ भासते. आत ओढ असते आणि निसरड्या, उतरत्या काठामुळे बाहेर येण्यास आधार सापडत नाही.

जलाशयाचा धोका निराळा आहे. पाणी ओसरू लागले, की काठावर गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून वाळलेला हा गाळ आत मऊ असतो आणि पाय रुततो. त्यापुढे तळ कोठे एकाएकी खोल होतो, ते काठावरून कळत नाही. हिवाळ्यातील गार पाण्यात हातपाय लवकर आखडतात. पोहता येणाऱ्यासही पेटके येतात. शिवाय हे पिण्याचे पाणी आहे. तेव्हा खडकवासल्याच्या काठी बसावे, सूर्यास्त पाहावा, पक्षी पाहावेत. पाण्यात उतरू नये.

नदीतील साहसी खेळाचे आपल्या जवळचे ठिकाण म्हणजे रायगड जिल्ह्यातील कोलाड. तेथील कुंडलिका नदीचे पाणी मुळशीचे आहे. मुळशी धरणातील पाणी घाटाखाली भिरा येथील वीजकेंद्रात नेले जाते. हे केंद्र १९२७ पासून कार्यरत आहे. वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी कुंडलिकेत येते आणि त्या प्रवाहावर सकाळच्या वेळी रबरी तराफ्यांतून नदीविहार चालतो. म्हणूनच पाऊस संपल्यावरही तेथे प्रवाह मिळतो. पण त्याच कारणाने स्वच्छ आकाशाखालीही तेथील पाणी वाढू शकते. पात्रातील खडकावर बसून डबा उघडणाऱ्यांनी पाणी सोडण्याच्या वेळा स्थानिकांकडून विचारून घेतल्या पाहिजेत. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनविषयक धोरण जाहीर केले असून त्यात जमीन, पाणी व हवा यांवरील उपक्रमांच्या आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेची व्यवस्था अपेक्षिली आहे. आयोजक नोंदणीकृत आहे काय, जीवरक्षक जाकिटे प्रत्येकास मिळतात काय, हे विचारण्याचा शिक्षकांना अधिकार आहे. नव्हे, ते त्यांचे कर्तव्य आहे.

या संदर्भात १ फेब्रुवारी २०१६ या दिवसाचे स्मरण टाळता येत नाही. पुण्याहून मुरूडच्या समुद्रकिनारी सहलीस गेलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी चौदा जण त्या दिवशी बुडाले. पावसाळा संपून चार महिने होत आले होते. आकाशातील कोणताही इशारा त्यांना वाचवू शकला नसता. भरती-ओहोटीचे वेळापत्रक आणि किनाऱ्यावरच्या जाणत्या माणसांचा शब्द मात्र उपयोगी पडू शकला असता. हवामानाचा अंदाज हा पाण्याचा अंदाज नव्हे, हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला आहे.

वाळलेले गवत

जानेवारीपासून डोंगरउतारावरचे गवत वाळते. कोरडी हवा आणि दुपारचा वारा यांमुळे एखाद्या विझवलेल्या भासणाऱ्या शेकोटीतूनही वणवा पेटतो. त्यात गवत, रोपे, पक्ष्यांची घरटी आणि पायथ्याच्या शेतकऱ्यांचा चारा जळतो. धुराने खवळलेल्या आग्या मोहोळाचाही धोका असतो. वनक्षेत्रात शेकोटी न पेटविणे हाच यावर उपाय आहे. गडावरील प्रवेशाच्या वेळा व नियम वनविभागाकडून आधी समजून घ्यावेत.

अंदाज कसा वापरावा?

सहल रविवारी असेल, तर बुधवार-गुरुवारचा अंदाज हा केवळ बेत आखण्यापुरता मानावा. शनिवारी सायंकाळचा अंदाज हा निर्णयासाठी आणि रविवारी पहाटेचा निघण्यासाठी, असा क्रम ठेवणे श्रेयस्कर. त्यातून पाच गोष्टी टिपून घ्याव्यात : इशाऱ्याचा रंग, किमान व कमाल तापमान, ढगांची शक्यता, वारा आणि सूर्यास्ताची वेळ. त्यानंतर त्या गोष्टी आपल्या जागेस लावून पाहाव्यात. जागा उंचावर आहे की सखल? तेथे वाऱ्यास आडोसा आहे काय? आपण त्या जागी कोणत्या प्रहरी असू? पाणी जवळ असल्यास ते कोणाच्या नियंत्रणाखाली आहे? सूर्यास्तापूर्वी निदान एक तास पायथ्याशी पोहोचता येईल, अशा हिशेबाने परतीची वेळ ठरवावी आणि गडावरचे पिठले-भाकरी व दही कितीही मोह पाडीत असले, तरी ती पाळावी.

ग्रामपंचायतींचा वाटाही थोडा नाही. डोणजे, गोऱ्हे, घेरा सिंहगड या परिसरातील ग्रामस्थ जे जाणतात, ते कोणत्याही उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही. कोणत्या वळणावर धुके उशिरापर्यंत रेंगाळते, काठाचा कोणता भाग फसवा आहे, मोहोळ कोणत्या कड्यास आहे, हे त्यांना ठाऊक असते. शाळेच्या अथवा चावडीच्या भिंतीवरील फळ्यावर शनिवारी सकाळी जिल्ह्याचा अंदाज, सूर्यास्ताची वेळ आणि ‘येथे पाण्यात उतरू नये’ एवढ्या तीन ओळी खडूने लिहिण्यास खर्च येत नाही. भूगोलाच्या शिक्षकांनी हे काम विद्यार्थ्यांकडे सोपविले, तर अभ्यासही होईल. संकटसमयी ११२ हा मदतीचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक त्याच फळ्यावर कायमचा रंगवून ठेवावा.

सह्याद्रीच्या कुशीत हिंडण्यास हिवाळ्यासारखा ऋतू नाही. मुलांनी गड चढावेत, नद्यांची उगमस्थाने पाहावीत, हे सर्वथैव इष्ट आहे. भीतीपोटी सहली बंद करणे हा उपाय नव्हे. मात्र नकाशावरील हिरवा रंग ही परवानगी नव्हे, ती माहिती आहे. तो साऱ्या जिल्ह्यासाठी काढलेला असतो. आपण जाणार असतो एका कड्यावर, एका काठावर, एका विशिष्ट प्रहरी. जिल्ह्याचा अंदाज त्या जागेपर्यंत आणि त्या वेळेपर्यंत नेऊन पोहोचविणे हे शास्त्रज्ञांच्या हाती नाही. ते काम परवानगीच्या कागदावर सही करणाऱ्याचे आणि मुलांच्या पुढे व मागे चालणाऱ्यांचे आहे.